चिनी बोलायला शिकायचंय? इंग्रजीची वाट सोडा, मराठीतून जा

निवांत_पांथस्थ

नोकरीनिमित्त शांघाय-सूचौ पट्ट्यात राहतो. इकडे येऊ घातलेली मराठी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात: चिनी फार अवघड आहे का, क्लास कुठला लावू, चित्रलिपी शिकावीच लागते का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच धागा काढतो. मी भाषातज्ज्ञ नाही. बाजार, रिक्षा, ऑफिस आणि जेवणाचं टेबल एवढ्यापुरतीच माझी चिनी.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यांना जे अवघड जातं त्यातलं निम्मं आपल्याला घरबसल्या येतं, आणि आपण पुस्तकाच्या मागे जाऊन ते उगाच अवघड करून घेतो.

आधी उच्चार. चिनी शिकताना रोमन लिपीतली 'पिनयिन' ही पद्धत वापरतात. १९५८ पासून तीच अधिकृत आहे. तिच्यातलं 'बी' हे अक्षर म्हणजे आपला प. 'पी' म्हणजे फ, पण फळातला, ओठ मिटून, फॅनमधला नव्हे. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. इंग्रजी माणसाला हा फरक शिकवताना तोंडासमोर कागद धरायला लावतात, तो हलला तर बरोबर. आपण पहिलीत क-ख, त-थ, प-फ घोकलेले असतात. म्हणून राजधानीचं नाव खरं तर पेइचिंग आहे. बीजिंग हे रोमन अक्षरं इंग्रजी पद्धतीने वाचल्याचं फळ. तैवानची राजधानी थायपेइ.

पुढची गंमत च ची. चहातला च आणि चाकातला च हे वेगळे आहेत हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. पिनयिनमधला 'जे' म्हणजे चहातला आणि 'झेड' म्हणजे चाकातला. माझे हिंदीभाषक सहकारी इथे घाम गाळतात, कारण त्यांच्याकडे एकच च. 'क्यू' म्हणजे छत्रीतला छ. 'सी' मात्र आपल्याकडे नाही: चाकातला च म्हणायचा आणि सोबत हवा सोडायची. शाळेत बाईंनी पोटफोड्या ष वेगळा उच्चारायला सांगितला होता आणि आपण सगळ्यांनी तो श करून टाकला, तो इथे परत लागतो. पिनयिनचं 'एसएच' म्हणजे ष. 'एक्स' म्हणजे जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून म्हटलेला श. जीभ ष च्या जागी नेऊन च आणि छ म्हटलं की 'झेडएच' आणि 'सीएच' तयार. 'सी' सोडला तर खरोखर नवे असे दोनच: र आणि झ च्या मधलं ते 'आर', आणि ओठ उ सारखे करून म्हटलेली ई.

मग येतात स्वर, म्हणजे आवाजाची चढउतार. चार आणि एक बिनस्वराचा. 'मा' सपाट उंच म्हटलं तर आई, चढतं म्हटलं तर ताग, खाली बसवलं तर घोडा, वरून आपटलं तर शिव्या घालणं. हे उदाहरण प्रत्येक पुस्तकात असतं आणि ते वाचून लोक पळून जातात. त्यापेक्षा आपला 'हं' घ्या. फोनवर समोरच्याने लांबण लावली की आपण सपाट 'हं' धरून ठेवतो, तो पहिला स्वर. ऐकू आलं नाही की वर जाणारा 'हं?', तो दुसरा. 'हं… असं आहे होय' मधला खाली बसलेला, तो तिसरा. 'हं! घे आता' असा वरून खाली येणारा, तो चौथा. पुस्तकात तिसऱ्या स्वराचं चित्र खोलगट वाटीसारखं काढतात, पण बोलताना तो बहुतेक वेळा नुसता खाली राहतो. दोन तिसरे लागोपाठ आले की पहिला चढता होतो. 'नी हाओ' (नमस्कार) मध्ये हेच होतं.

व्याकरणाबद्दल थोडंच लिहितो, कारण त्रास थोडाच आहे. लिंग नाही, विभक्ती नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'मा' लावा. आपला 'का' जिथे येतो तिथेच. 'हो' साठी एकच ठराविक शब्द नाही, 'येतोस का?' ला आपण 'येतो' म्हणतो तसं क्रियापदच परत म्हणायचं. 'हाओ पू हाओ' म्हणजे 'बरं की नाही'. मोजताना संख्येनंतर एक छोटा शब्द लावावा लागतो, जसं आपण 'तीन जण', 'चार नग' म्हणतो. तिथे प्रत्येक प्रकारच्या वस्तूला वेगळा आहे; आठवला नाही तर 'क' लावून मोकळं व्हायचं, समजतं. माणसांना आदराने 'वेइ'.

आणि माझं सगळ्यात आवडतं. उत्तरेकडच्या चिनीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. 'चान-मन' (चाकातला च) म्हणजे समोरच्याला धरून, 'वो-मन' बहुतेकदा त्याला सोडून. इंग्रजी पुस्तकात यासाठी अर्धं पान खर्ची पडतं. आपल्याला एका ओळीत कळतं. दक्षिणेत मात्र सगळीकडे वो-मनच ऐकाल.

रीतीभातींचंही तसंच. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की 'नी हाओ' फारसं कोणी म्हणत नाही. ते अनोळख्यासाठी, दुकानदारासाठी. जुनी मंडळी विचारतात 'छ्र ल मा?', म्हणजे 'जेवलात का?', नाहीतर 'कुठे निघालात?'. दोन्हींना खरं उत्तर अपेक्षित नसतं. पाहुणा उठला की 'मान चौ', सावकाश जा. तुमच्या आधी जेवून उठणारा म्हणतो 'मान-मान छ्र', म्हणजे अगदी आपलं 'सावकाश होऊ द्या'. घरच्यांना 'श्ये-श्य' (धन्यवाद) म्हटलं तर परकं वाटतं, तेही आपल्यासारखंच.

शिकायची पद्धत: पहिले काही आठवडे फक्त पिनयिन आणि स्वरांच्या जोड्या. शब्द एकेकटे घोकू नका, दोन अक्षरांची जोडी घोका, कारण बोलताना ती तशीच येते. प्लेको हा शब्दकोश फोनवर घ्या. फोनचा कीबोर्ड चिनीवर टाकून बोलून टाइप करा. हवी ती अक्षरं उमटली तर उच्चार ठीक, नाहीतर परत. एवढा निर्विकार शिक्षक मिळणार नाही. अक्षरं ओळखायला शिका, हाताने लिहायच्या फंदात आत्ता पडू नका. चिनी लोक स्वतःही पिनयिननेच टाइप करतात आणि हाती पेन आलं की अक्षर विसरतात, त्यासाठी त्यांच्याकडे म्हणच आहे.

बाकी प्रतिसादांत.

हेमाडपंती

'हं' चं उदाहरण कडक. बायको म्हणते मी चारही स्वरांत उत्तर देतो आणि अर्थ एकच असतो. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आंबटगोड

लेख आवडला, पण 'हं' पाशी एक धोक्याची पाटी लावते. मी चिनी शिकवते (पुण्यात, खासगी), म्हणून रोज बघते.

मराठीत चढउतार भावना दाखवते. चिनीत ती शब्दाचाच भाग असते. आपला विद्यार्थी एकेक शब्द छान म्हणतो, आणि प्रश्न विचारताना सवयीने शेवट वर नेतो. झालं, शब्द बदलला. 'माइ' खाली बसवलं तर विकत घेणं, आपटलं तर विकणं. बाजारात हे दोन उलटे झाले तर काय होईल बघा. 'ष्वे-च्याओ' चे दोन्ही भाग आपटले तर झोपणं, दोन्ही तिसऱ्या स्वरात म्हटले तर पाण्यात उकडलेले मोमो. म्हणून मी मुलांना सांगते, प्रश्नाचं काम 'मा' ला करू द्या, तुम्ही आवाज वर नेऊ नका. राग, लाड, आश्चर्य यासाठी वाक्याशेवटी वेगळे छोटे शब्द आहेत: 'पा', 'न', 'या'. 'जाऊया ना' मधला 'ना' म्हणजे 'पा'. 'आणि तू?' म्हणजे 'नी न?'. हे शब्द आले की आवाजाने भावना दाखवायची सवय आपोआप कमी होते.

दुसरं, हाताने लिहू नका हे मला पटत नाही. निदान शंभरेक अक्षरं लिहावीत. लिहिल्याशिवाय सारखी दिसणारी अक्षरं डोळ्याला वेगळी दिसत नाहीत.

निवांत_पांथस्थ

आंबटगोड, पहिला मुद्दा शंभर टक्के. धाग्यात हवा होता. दुसऱ्यावर आपलं जमणार नाही, मी आळशी माणूस.

चाकणकर

आमच्याकडे चिनी मशिनरी येते, ती बसवायला त्यांचे इंजिनिअर येतात. धंद्यापुरतं सांगतो.

तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'चाइ-ष्वो पा' म्हणाले की समजा 'बघू'. आणि आपलं 'बघू' जेवढं पोकळ असतं तेवढंच. 'येन-च्यू येन-च्यू', म्हणजे 'अभ्यास करून सांगतो', हे तर फाइल बासनात गेल्याची पावती. 'काइ-थ्येन (पुढे कधीतरी) जेवायला नेतो' म्हणजे 'या एकदा घरी'; डायरी काढून तारीख विचारू नका. आमचा परदेशात शिकून आलेला एक मॅनेजर हे सगळं शब्दशः धरायचा आणि मग 'त्यांनी शब्द फिरवला' म्हणून चिडायचा. शब्द दिलाच कुठे होता?

हाक मारायचं: आडनाव आधी, मग हुद्दा. 'वांग चिंग-ली' म्हणजे वांग मॅनेजर. आपण 'पाटील साहेब', 'कुलकर्णी मॅडम' म्हणतो ना, तसंच. नुसत्या नावाने हाक मारायची नाही. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे 'मिसेस अमुक' करत बसू नका. ड्रायव्हर, फिटर, प्लंबर यांना 'ष्र-फू', म्हणजे उस्ताद किंवा मिस्त्री. दुकानदाराला 'लाओ-पान'. हॉटेलात 'फू-वू-य्वान' असं मोठ्याने ओरडायचं, लाजायचं नाही.

बिलावरून भांडण होतं ते मनापासून करायचं. एकदाच 'मी देतो' म्हणून गप्प बसलात तर तुम्हाला द्यायचंच नव्हतं असा अर्थ. (इथे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही.)

कडूकारलं

एवढा खटाटोप कशाला? फोनमध्ये बोललं की भाषांतर होतं. २०२० नंतर तसंही कोणाला चिनी शिकायचंय? नव्या शैक्षणिक धोरणातूनही चिनी काढून टाकली.

चाकणकर

फोन 'चाइ-ष्वो पा' चं भाषांतर 'नंतर बोलू' असं करतो. तुम्ही नंतर फोन करत बसा.

निवांत_पांथस्थ

कारलं, २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती उदाहरणांतून गळली, हे बरोबर. पण गलवानवर चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा. सीमेपलीकडच्याची भाषा येणारी माणसं कमी असावीत की जास्त, याचं माझं उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

होऊ_घातलेली_डॉक्टर

नानचिंगला एमबीबीएस करतेय. वर्गात शिकवणं इंग्रजीत, पण वॉर्डात पेशंट चिनीच बोलणार, तेही गावाकडच्या बोलीत. इंटर्नशिपआधी एचएसके परीक्षेची चौथी पातळी पास व्हायला सांगतात. जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे ती १२०० शब्दांची. ते शब्द पाठ करून वॉर्डात गेलं तरी पहिल्या दिवशी आजीबाई काय म्हणतात ते कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण काही गोष्टी माझ्या जर्मन मैत्रिणीला कळत नाहीत त्या मला लगेच कळल्या. पेशंट म्हणतो 'षांग-ह्वो झालंय'. शब्दशः 'आग वर चढली'. तोंड आलंय, पुटकुळ्या आल्यात, घसा दुखतोय, आणि काल लिची किंवा तळकट खाल्लंय. म्हणजे उष्णता झाली! ती बिचारी डिक्शनरीत 'इन्फ्लेमेशन' शोधत होती. उष्ण-थंड पदार्थांची त्यांची यादीही आपल्याशी बरीच जुळते: आंबा उष्ण, काकडी थंड.

बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावू द्यायचा नाही. त्याला 'च्वो यूए-च', म्हणजे 'महिना बसणं' म्हणतात. आपला सव्वा महिना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्या लोकांना डॉक्टर कशाला लागतात.

आणि गरम पाणी. कशालाही 'त्वो ह र-ष्वे', गरम पाणी जास्त पी. सर्दी, पोटदुखी, परीक्षेचं टेन्शन, प्रेमभंग. उन्हाळ्यातही हॉटेलात गरम पाणी किंवा चहाच येतो, रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. पाणी उकळून पिण्याच्या सरकारी मोहिमा गेल्या शतकात जोरात झाल्या, शिवाय पोटाला थंड वाईट ही जुनी वैद्यकी समजूत आहेच. गार पाणी हवं असेल तर 'पिंग-त' असं स्पष्ट मागावं लागतं. हल्लीच्या मुली मात्र बॉयफ्रेंडने 'गरम पाणी पी' म्हटलं की भडकतात. काही करायचं नसलं की म्हणायचं वाक्य झालंय ते.

उपयोगी वाक्य: 'थंग पू थंग?' दुखतंय का?

सोलापुरी_चादर

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यात ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. सगळे परत आले, कोटणीस नाही. तिथे राहून चिनी बोलायला-लिहायला शिकले, चिनीतूनच विद्यार्थ्यांना शिकवायचे. को छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. डिसेंबर १९४२ मध्ये गेले तेव्हा वय जेमतेम बत्तीस.

पथकातल्या पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'ख तीह्वा'. मुलाचं नाव ठेवलं 'यिनह्वा': यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. शिच्याच्वांगमध्ये त्यांचा पुतळा आहे. तिकडच्या वयस्कर माणसाशी बोलताना 'ख तीह्वाच्या गावचा' एवढं सांगून बघा. चहा येतोच.

होऊ_घातलेली_डॉक्टर

आमच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी हे नाव घेतलं होतं. वर्गातल्या निम्म्या भारतीयांना कोण ते माहीत नव्हतं.

फक्त_शाकाहारी

पुढच्या महिन्यात क्वांगचौच्या प्रदर्शनाला निघालोय. कांदा-लसूण चालतो, अंडंसुद्धा चालवून घेईन. मांस-मासे अजिबात नाही. काय बोलू?

निवांत_पांथस्थ

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'वो पू छ्र रौ' (मी मांस खात नाही) यावर थांबू नका. 'रौ' म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी डुकराचं मांस येतं. मग कोंबडी येते, मासे येतात, आणि भाजीवर चवीपुरता खिमा येतो. तो त्यांच्या लेखी मांस नसून मसाला असतो. 'वो छ्र सू' म्हणा. हा बौद्ध मठांतला शब्द आहे. कडक 'सू' मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे तुमच्यापेक्षा कडक. मोठ्या देवळांच्या आसपास 'सू' हॉटेलं असतात, तिथे निर्धास्त जेवा.

साध्या हॉटेलात: 'ती-सान-श्येन' (बटाटा, वांगं, ढोबळी मिरची), व्हिनेगरमधला बटाट्याचा कीस, टोमॅटो-अंडं. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस घालतात, त्याला 'हाओ-यौ पू याओ' सांगा. सूपचं पाणी हाडांचं असतं, ते सोडून द्या. क्वांगचौला तिखट नसतं, चटणी न्या. तिकडे कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, तेच आभार. काड्या भातात उभ्या खोचू नका. मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या तशा लावतात.

सुगरणबाई

हे भारीच. आपल्याकडे पानात भात वाढून मध्ये काहीतरी खोचलं असतं तर माझी आजीही ओरडली असती.

थायपेइवाली

तैवानकडून दोन शब्द. मुख्य चीनमध्ये 'श्याओ-च्ये' (मिस) म्हणून वेट्रेसला हाक मारू नका. तिथे त्या शब्दाला बाजारबसवीचा वास आहे. आमच्याकडे बँकेत, दुकानात बिनधास्त चालतो. 'थू-तौ' म्हणजे तिथे बटाटा, इथे शेंगदाणा. ष आणि स मधला फरक इथे बरेच लोक करत नाहीत, त्यामुळे निवांत यांचा पोटफोड्या ष इथे आणलात तर लोक म्हणतील बातम्या वाचताय का. अक्षरं जुनी, जास्त रेघांची.

नात्यांचं कोणी लिहिलं नाही अजून? काका, मामा, आत्या, मावशी चारही वेगळे शब्द आहेत: 'षू-षू', 'च्यौ-च्यौ', 'कू-कू', 'ई'. आणखी एक पायरी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ 'पो-पो', धाकटे 'षू-षू'. भावंडांत थोरला-धाकटा सांगितल्याशिवाय शब्दच पुरा होत नाही. चुलत भावंडं 'थांग', मग मामे, आते, मावस सगळी एकाच 'प्याओ' मध्ये कोंबली. कारण सरळ आहे, चुलत म्हणजे आपल्या आडनावाचे, बाकी बाहेरचे. माझ्या तैवानी सासूबाईंना 'मामेबहीण' आणि 'मावसबहीण' वेगळ्या का हे समजवायला एक अख्खी दुपार गेली. आणि 'तो' असो की 'ती', बोलताना दोघंही 'था'. म्हणून ही माणसं इंग्रजी बोलताना नवऱ्याला 'शी' करतात. हसू नका.

गणितमास्तर

आकड्यांवर मी बोलणार. अकरा म्हणजे 'दहा एक', एकवीस म्हणजे 'दोन दहा एक', नव्याण्णव म्हणजे 'नऊ दहा नऊ'. एक ते दहा पाठ केले की नव्याण्णवपर्यंत सगळे आले. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी घोकणाऱ्या पोरांची दया येते. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तर केवढा गहजब झाला!

पण पुढे फसतो. त्यांचा टप्पा हजारानंतर थेट दहा हजारांचा, 'वान'. एक लाख म्हणजे 'दहा वान', एक कोटी म्हणजे 'हजार वान', दहा कोटीला 'ई'. भाव करताना डोक्यात शेवटून चार-चार आकडे तोडायचे. आपण तीन-दोन-दोन तोडतो, इंग्रज तीन-तीन. सराव कागदावर करून जा.

आंबटगोड

गणितमास्तर, 'एकवीस' वर वेगळा धागा काढा, इथे पेटेल :)

पण चार आणि दहा यांवर सांगा ना. 'स' आपटलं तर चार, 'ष्र' चढवलं तर दहा, आणि दक्षिणेत दोन्हीला 'स'. म्हणून किंमत बोटांनी दाखवतात, एका हातावर दहापर्यंत. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपल्या माणसाला ते दोन वाटतात. वाकडी तर्जनी नऊ, मूठ दहा.

हेमाडपंती

गंभीर प्रश्न. ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्याच्या लग्नाला (छंगतू) जायचंय. पाकिटात किती घालू? ८०१ युआन ठीक ना?

निवांत_पांथस्थ

थांबा! वरचा एक काढा. आपल्याकडे रुपया वाढवून विषम करतात, तिथे लग्नाला सम रक्कम लागते. विषम रक्कम दुखवट्याला देतात. पाकीट लाल, पांढरं बिलकुल नको. चार आकडा कुठेही नको, मरणाच्या शब्दाच्या जवळ जातो. कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो. २५० तर कधीच नाही, ती थेट 'मूर्ख' ही शिवी आहे. आठ उत्तम. पेइचिंग ऑलिंपिक ८ ऑगस्ट २००८ ला रात्री ८ वाजता उगाच सुरू केलं नव्हतं. सहाही चालतो. नोटा कोऱ्या.

भेटवस्तू म्हणून घड्याळ नको. 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यसंस्कार करणं' एकसारखं ऐकू येतं. छत्री नको, ताटातुटीसारखी ऐकू येते. आणि नवरदेवाला गमतीतसुद्धा हिरवी टोपी घालू नका, बायको बाहेर फिरते असा अर्थ होतो.

हेमाडपंती

८०० फिक्स. पैठणीच्या कापडाची हिरवी पर्स नवरीला चालेल का, की हिरवा रंगच बाद?

थायपेइवाली

रंग नाही, फक्त टोपी. पर्स न्या, आत एखादी नोट ठेवून द्या, रिकामी देऊ नका. आणि छंगतूत 'वेइ-ला' (कमी तिखट) सांगितलंत तरी कोल्हापूरच्या वरचं येईल. 'पू-ला' म्हणा, तरी थोडं येईलच.